सैन्याविना सेनापती : पांडुरंग महादेव बापट यांचे चरित्र आणि स्मरणाचा प्रश्न

पांडुरंग महादेव बापट यांच्या नावामागील ‘सेनापती’ ही उपाधी मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विसंगती आता कोणालाही जाणवत नाही. ज्याने कधी सैन्य उभे केले नाही, कोणती लढाई जिंकली नाही, ज्याचे बहुतेक लढे पराभवात संपले आणि ज्याने आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात घालविला, अशा माणसाला लोकांनी सेनापती म्हटले. पाठ्यपुस्तकांतून व जयंतीच्या भाषणांतून त्यांचे जे चित्र समोर येते ते मात्र त्या उपाधीला शोभेल असेच रंगविलेले असते : तलवारीवर घेतलेली शपथ, पॅरिसमध्ये शिकलेली बॉम्बविद्या, अज्ञातवास आणि अखेरीस महाराष्ट्रगौरवाच्या दोन ओळी. त्या दोन ओळी म्हटल्या की चरित्र आटोपते. म्हणूनच प्रस्तुत लेखात बापटांची एकही ओळ उद्‍धृत न करता त्यांचे चरित्र सांगण्याचा प्रयत्न आहे. प्रश्न एवढाच आहे की त्यांच्या स्मृतिदिनी आपण नेमके कशाचे स्मरण करतो, शस्त्राचे की शस्त्र खाली ठेवल्यानंतर त्यांनी जे हाती घेतले त्याचे?

या प्रश्नाला स्थळाचा संदर्भ आहे. बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले. पण पारनेर हीच त्यांची जन्मभूमी आणि पहिली कर्मभूमी. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) हा तालुका अवर्षणाचा. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, म्हणून तरुणांनी मुंबईची वाट धरावी किंवा पलटणीत भरती व्हावे, हा येथील जुना रिवाज. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण तर लष्करी शहरच. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन व ऑस्ट्रियन बंदिवानांची छावणी होती. १९४२ ते १९४५ या काळात तेथील भुईकोट किल्ल्यात नेहरूंसह काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य स्थानबद्ध होते. स्वातंत्र्यानंतर रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला आले आणि १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालयही उभे राहिले. शाळांच्या सहली आज या संग्रहालयात जातात. त्याच जिल्ह्यात, पारनेरच्याच तालुक्यात, राळेगणसिद्धी आहे. तेथेही सहली जातात, त्या मात्र बांध, नालाबंडिंग आणि पाझर तलाव पाहण्यासाठी. एकाच जिल्ह्यातील ही दोन स्मरणस्थळे आहेत. बापटांचे चरित्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बापटांचे काही शालेय शिक्षण नगरला झाले. संस्कृतात प्रावीण्य मिळवून जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा विद्यार्थी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. चाफेकर बंधूंच्या फाशीला फार दिवस लोटले नव्हते. त्यांच्या मंडळातील दामोदर बळवंत भिडे यांनी बापटांच्या हाती तलवार देऊन त्यांच्याकडून देशस्वातंत्र्याची शपथ घेवविली. चरित्रकारांना हा प्रसंग फार प्रिय आहे आणि ते स्वाभाविकही आहे. पण शपथ देशाची होती, तलवारीची नव्हती, हा भेद पुढील साठ वर्षांच्या वाटचालीत हळूहळू स्पष्ट होत गेला.

१९०३ मध्ये बी. ए. झाल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेले. तेथील रायफल क्लबात त्यांनी नेमबाजीचेही शिक्षण घेतले. पुढे हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर त्यांनी एका सभेत निबंध वाचला आणि त्याचे फळ म्हणून शिष्यवृत्ती गमावली. मग लंडनचे इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा आणि विनायक दामोदर सावरकर. त्यांच्या प्रेरणेने बापट १९०७ च्या सुमारास पॅरिसला गेले आणि हेमचंद्र दास व मिर्झा अब्बास यांच्यासह तेथील रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती शिकले. त्या कृतीची रशियन पुस्तिका भाषांतरित होऊन तिच्या प्रती हिंदुस्थानात पोहोचल्या. १९०८ मध्ये ते स्वदेशी परतले. त्याच वर्षी अलिपूर कटाचा खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचे नाव आले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले.

हा अज्ञातवास सुमारे साडेचार वर्षांचा. बापटांच्या चरित्रातील हा सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वांत निर्णायक कालखंड होय. मायदेशी परतल्यावर देशभर फिरताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली : ज्या जनतेसाठी उठाव करावयाचा, तिच्यातील असंख्यांना आपण परक्या सत्तेखाली आहोत याचे भानच नाही. एडिंबरो-पॅरिसच्या खोल्यांत आखलेली क्रांती या अनुभवाशी भिडली. सुटे अधिकारी टिपण्याच्या मार्गाविषयी त्यांना आधीपासूनच फारशी आस्था नव्हती. बॉम्बकडे ते लोकांना जागे करणारा आवाज या दृष्टीने पाहत. पण ज्याला हाकेचा अर्थच ठाऊक नाही, तो आवाजाने जागा होईल कसा? १९१२ मध्ये इंदूरला त्यांना अटक झाली. पुरेशा पुराव्याअभावी पुढे सुटका झाली आणि ते पारनेरला परतले.

पारनेरला परतलेल्या या माणसाने हाती घेतलेली वस्तू होती खराटा. पहाटे उठून गावचे रस्ते झाडणे आणि शौचकूप साफ करणे हा त्यांनी नित्यक्रम केला. इंग्लंडला जाऊन आलेल्या, संस्कृतज्ञ, ब्राह्मण पदवीधराने गावाच्या मैल्यात हात घालावा, याचा त्या काळी काय अर्थ होत असेल याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला सहजी येणार नाही. १ नोव्हेंबर १९१४ रोजी मुलगा झाला, तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्यांना दिली. गांधी अजून हिंदुस्थानात परतलेले नव्हते. अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागण्यासाठी उपोषण केले ते १९३२ मध्ये. गाडगेबाबांचा खराटा याच दशकांत वऱ्हाड-खानदेशातील गावांतून फिरत होता, ही गोष्ट खरी. पण बापटांचा मार्ग वेगळ्या दिशेने या खराट्यापर्यंत आला होता. तो बॉम्बकडून आला होता. त्यांनी आपल्या जुन्या मार्गाची जाहीर निंदा केली नाही किंवा पश्चात्तापाचा देखावाही केला नाही. दुसरे काम हाती घेतले, एवढेच.

१९१५ मध्ये उपजीविकेसाठी ते पुण्यास आले. ‘चित्रमयजगत्’मध्ये काही महिने, त्यानंतर टिळकांच्या ‘मराठा’ पत्रात उपसंपादक, पुढे ‘लोकसंग्रह’मध्ये परराष्ट्र राजकारणावरील लेखन आणि जोडीला केतकरांच्या ज्ञानकोश कार्यालयात काम, असा हा क्रम आहे. याच वर्षांत मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. कुतच्या वेढ्यात सापडलेल्या हिंदी सैन्यात त्याही होत्या. युरोपात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या आणि तो दिवस पुढे स्मरणाचा दिवस झाला. लाल खसखशीचे फूल छातीवर लावण्याची प्रथा आली. त्या स्मरणात पराक्रमाचा सूर चढू लागला तेव्हा इंग्लंडमधील सहकारी चळवळीतल्या स्त्रियांनी, ज्यांच्यात युद्धात पती आणि पुत्र गमावलेल्या अनेक होत्या, १९३३ पासून पांढरे फूल लावण्यास सुरुवात केली. मेलेल्यांचे स्मरण करावयाचे, पण त्यांना मारणाऱ्या व्यवस्थेचे नाही, अशी त्यामागील भूमिका होती. आपल्याकडे हा वाद अशा रूपात कधी उभा राहिला नाही. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो, तो एका निःशस्त्र माणसासाठी. आणि राजघाटावर त्याला मानवंदना देतात सैनिक, शस्त्रे उलटी धरून. या दृश्यातील अर्थ आपण कधी फारसा उकलून पाहिलेला नाही.

१९२० हे वर्ष बापटांच्या आयुष्यात कठीण गेले. ऑगस्टमध्ये, लोकमान्यांच्या निधनाच्याच महिन्यात, त्यांची पत्नी वारली. याच सुमारास मुंबईत झाडूवाल्यांचा संप सुरू झाला. बापटांनी झाडू-कामगार मित्रमंडळ स्थापन केले, ‘संदेश’ पत्रातून निवेदन प्रसिद्ध केले आणि टाळ, मृदंग, झांजा घेऊन भजन करीत चौपाटीवर मिरवणूक नेली. संप यशस्वी झाला. मराठी साहित्याच्या अभ्यासकाने या मिरवणुकीकडे विशेष लक्ष द्यावे असे वाटते. मराठीत सामूहिक पराक्रमाला शब्द देणारा रूढ प्रकार म्हणजे पोवाडा. डफ आणि तुणतुण्यावर शौर्य जागते. बापटांनी झाडूवाल्यांच्या हक्कांसाठी जे वाजविले ते वारकऱ्यांचे वाद्य होते. तुकारामांनी युद्धाचे रूपक आधीच आत, स्वतःच्या मनाकडे, वळवून ठेवले होते. ते रूपक पुन्हा बाहेर काढून त्याला मागणीचे, मोर्चाचे रूप देणे आणि तरीही त्याला रक्ताची चव लागू न देणे, हे काम चौपाटीवरील त्या दिंडीने केले. काव्यगुणांच्या दृष्टीने बापटांच्या कवनांना फार वरचे स्थान देता येणार नाही. परंतु चळवळीतील पद्यरचनेचा इतिहास लिहिताना त्यांना वगळता येत नाही, ते याच कारणाने.

आणि मग मुळशी. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून वीजनिर्मिती करण्याची टाटा कंपनीची योजना होती. मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावे बुडणार होती. जमीन कसणारे मावळे, परंतु अनेकांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्या मालकीच्या. सावकारांना भरपाई हवी होती, मावळ्यांना जमीन. या दोन इच्छा एकाच लढ्यात किती काळ नांदणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, या दिवशी सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि सत्याग्रह सुरू झाला. कंपनीला काही महिने काम थांबवावे लागले. काम पुन्हा सुरू झाले तेव्हा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. स्त्रियाही त्यात होत्या. बांधकामाच्या जागी उन्हात बसावयाचे, मार खावयाचा, तुरुंगात जावयाचे, सुटून आल्यावर पुन्हा येऊन बसावयाचे, असा तो क्रम. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्यातील बापटांचे प्रमुख सहकारी. त्यांनी पुढे या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला आणि त्यानंतर राजेंद्र व्होरा यांनी त्याचा विस्तृत अभ्यास केला. धरणग्रस्तांचा जगातील हा पहिला संघटित लढा, असे त्याचे स्थान आता मान्य झाले आहे.

लढ्याची घोषणा प्राण किंवा जमीन मागणारी होती आणि त्यातच बापटांना सेनापती ही उपाधी मिळाली. येथे भाषेचा एक सूक्ष्म व्यवहार घडला आहे. मावळा हा शब्द मराठी मनात शिवकालाशिवाय उच्चारलाच जात नाही. मावळ्यांचा नेता म्हणजे सेनापती, हे समीकरण आपोआप जुळले. प्रत्यक्षात मुळशीचा मावळा तलवार घेऊन उभा नव्हता, तर आपल्या भाताच्या खाचरासाठी तो जमिनीवर बसला होता. शिवकालीन शौर्याचा सारा शब्दसंग्रह, सेनापती, मावळे, तुकडी, मोहीम, मोर्चा, एका निःशस्त्र बसण्याला लावण्यात आला. एका अर्थाने हे शब्दांचे निःशस्त्रीकरण होते. पण शब्दांचे जुने संस्कार इतक्या सहजी पुसले जात नाहीत आणि नंतरच्या पिढ्यांनी उपाधीतून लढाई तेवढी उचलली, बसणे विसरले.

अर्थात बापटांना शांतिवादी ठरवून मोकळे होता येत नाही. तसे करणे म्हणजे एका अर्धसत्याऐवजी दुसरे अर्धसत्य सांगणे. अहिंसा हे तत्त्व म्हणून त्यांनी कधीच पूर्णतः स्वीकारले नाही. गांधींचा सत्याग्रह आणि आपला शुद्ध सत्याग्रह यांत ते भेद करीत. आत्मार्पण ही त्यांच्या विचारातील मध्यवर्ती कल्पना आणि प्रसंगी प्रतिकाराला त्यांच्या तत्त्वात जागा होती. मुळशीच्या लढ्याविषयी गांधींनी पुढे जी राखून भूमिका घेतली, तिचे एक कारण बापटांची ही निष्ठाच होय; बऱ्याच जणांनी भरपाई स्वीकारली होती, हे दुसरे. १९२४ मध्ये लढा ओसरला. सावकारांचा हिशेब पुरा झाला होता आणि पाणी चढू लागले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून बांधकामाची रेल्वे अडविली. या वेळी त्यांच्याजवळ शस्त्रे होती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी सिंध हैदराबादच्या तुरुंगात भोगली.

या घटनेचा अर्थ कसा लावावा? काही चरित्रकार तिला मुळशीचा कळस मानतात. आम्हांस ती हताशेची कृती वाटते. १,२०० माणसे जमिनीवर बसली तेव्हा काम थांबले होते. मूठभर माणसांनी शस्त्र घेतले तेव्हा एकही दिवसाची मुदत पदरात पडली नाही. स्मरणाच्या दिवशी मात्र रेल्वे अडविण्याचे दृश्य सांगावयास सोपे असते, कारण त्यात घटना आहे. तीन वर्षे उन्हात बसण्याला घटना नसते. शौर्याचे कथन सोपे आणि शांततेचे अवघड, हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, तो कथनशास्त्राचाही प्रश्न आहे आणि चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याचा विचार करावयास हवा.

१९३१ मध्ये सुटून आल्यावर ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. परंतु क्रांतिकारकांचे समर्थन करणाऱ्या भाषणांबद्दल त्याच वर्षी त्यांना पुन्हा दीर्घ शिक्षा झाली. जुलै १९३७ मध्ये, प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर ते मुक्त झाले. पुढील वर्षांत हैदराबाद संस्थानातील सत्याग्रह, सुभाषबाबूंचा फॉरवर्ड ब्लॉक, आत्मार्पणाच्या कल्पनेवर आधारलेले प्राणयज्ञ दल आणि पुन्हा कारावास असे अनेक टप्पे येतात. तपशिलात न शिरता इतके म्हणता येईल की या काळात दुसऱ्याचा प्राण घेण्याची भाषा मागे पडून स्वतःचा प्राण देण्याची भाषा बापटांच्या विचारात अधिकाधिक दृढ होत गेली. ती भाषाही निर्धोक नाही. आत्मार्पणाचे आकर्षण शौर्याच्या आकर्षणाचेच भावंड असते आणि बापटांना त्यापासून पूर्ण सुटका मिळाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरात स्वतंत्र भारताचा ध्वज प्रथम फडकविण्याचा मान बापटांना देण्यात आला. शिष्यवृत्ती गमावलेला, अलिपूर कटात नाव आलेला, मुळशीत हरलेला माणूस त्या दिवशी ध्वजाची दोरी ओढीत होता.

त्यांच्या वाङ्मयीन कार्यातील एका दुव्याकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या अलिपूर खटल्याने बापटांना भूमिगत केले, त्याच खटल्यातील एक प्रमुख आरोपी अरविंद घोष. ते १९०९ मध्ये निर्दोष सुटले आणि १९१० मध्ये पाँडिचेरीला जाऊन योगसाधनेत मग्न झाले. ‘आर्य’ मासिकातून १९१४ पासून क्रमशः आलेला आणि पुढे ग्रंथरूप झालेला त्यांचा प्रमुख तत्त्वग्रंथ बापटांनी ‘दिव्यजीवन’ म्हणून मराठीत आणला. एकाच कटाच्या कागदपत्रांत नोंदली गेलेली दोन नावे पुन्हा एकत्र आली ती लेखक आणि अनुवादक म्हणून. अरविंदांनी राजकारण सोडले, बापटांनी सोडले नाही; पण अनुवादासाठी त्यांनी कोणता ग्रंथ निवडला हे बोलके आहे. बॉम्बच्या पुस्तिकेचे भाषांतर आणि दिव्यजीवनाचे भाषांतर, या दोन टोकांमध्ये हे आयुष्य मोजता येते. अनुवादाची भाषा संस्कृतप्रचुर आणि जड आहे, हेही नमूद केले पाहिजे.

उतारवयातील दोन लढे येथे महत्त्वाचे. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. बापट तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला पोर्तुगीज पोलिसांच्या गोळीबारात वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही मारले गेले. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, लष्करी कारवाईने. म्हणूनच गोव्यात आज दोन दिवस पाळले जातात : लोहियांच्या १९४६ मधील सभेचा १८ जून आणि सैन्याच्या विजयाचा १९ डिसेंबर. दोन्ही दिवसांना आपापले कारण आहे. पण १९५५ चे सत्याग्रही या दोहोंच्या मध्ये पडतात, आणि मध्ये पडलेल्यांची आठवण नेहमीच अंधूक होते.

दुसरा लढा संयुक्त महाराष्ट्राचा. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत जे आंदोलन पेटले, त्याच्या आघाडीवर पंचाहत्तरी गाठलेले बापट होते. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि माणसे पडली. चळवळीत मरण पावलेल्यांची संख्या पुढे शंभरांहून अधिक झाली. १९६१ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. महाराष्ट्र राज्याचे हे अग्रस्मारक सैनिकांचे नाही. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार तेथे उभे आहेत, आणि ज्यांची नावे तेथे आहेत ते पोलिसांच्या गोळीला बळी पडलेले नागरिक आहेत. ज्या समाजाची आत्मप्रतिमा किल्ले आणि तलवारी यांच्यावर पोसली गेली, त्याने आपल्या राज्याचे स्मारक निःशस्त्रांच्या नावे उभारावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता राळेगणसिद्धीकडे. बापटांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १९७५ मध्ये, लष्करातील वाहनचालकाची नोकरी सोडून किसन बाबूराव हजारे आपल्या या गावी परतले. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांचे सहकारी मारले गेले होते आणि ते बचावले होते. गावी येऊन त्यांनी प्रथम यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला, तोही भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून. त्यानंतर दारूबंदी, चराईबंदी, श्रमदान, पाणलोटाची कामे आली. पारनेर तालुक्यात सुमारे साठ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन परतीच्या प्रवासांत आम्हांस काही साम्य दिसते : एक बॉम्ब शिकून आला आणि त्याने खराटा घेतला, दुसरा युद्धातून आला आणि त्याने फावडे घेतले. अर्थात साम्य फार ताणू नये. बापटांचा खराटा जातीच्या उतरंडीवर फिरत होता. राळेगणच्या फावड्याचा मुख्य विषय माती आणि पाणी. शिवाय मद्यप्यांना खांबाला बांधून शिक्षा करण्याची राळेगणची रीत पाहून अभ्यासकांनी तेथील शिस्तीत पलटणीचा अंश दाखवून दिला आहे, आणि तो आक्षेप खोडून काढणे सोपे नाही. शस्त्र ठेवले तरी कवायत राहते. बापटांच्या बाबतीत जो पेच रेल्वेच्या रुळांवर दिसतो, तोच येथे वेगळ्या रूपात आढळतो.

मात्र स्मरणाच्या रीतीबाबत राळेगणकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. या गावाने आपला वर्धापनदिन म्हणून २ ऑक्टोबर निवडला. त्या दिवशी गावातील सर्वांत वृद्ध स्त्री-पुरुषांचा आणि त्या वर्षी गावात आलेल्या नववधूंचा सत्कार होतो, वर्षभरात जन्मलेल्या मुलांना कपडे दिले जातात. संयुक्त राष्ट्रांनी २००७ पासून हाच दिवस अहिंसा दिन म्हणून जाहीर केला. राळेगणची रीत त्याहून जुनी. येथे स्मरणाचा विषय मेलेला वीर नसून जिवंत गाव आहे. ज्या गावांतून तरुण पलटणीत जातात आणि कधी कधी तिरंग्यात गुंडाळून परत येतात, त्या गावांना स्मरणाची अशी दुसरी रीत लागते. शहीद जवानाचे नाव शाळेच्या भिंतीवर असावे, याविषयी कोणाचे दुमत नाही. पण त्याच भिंतीवर गावचा रस्ता झाडणाऱ्याचे नाव असण्याची प्रथा आपल्याकडे नाही, आणि पारनेरकरांना तर असे एक नाव आयतेच लाभले आहे.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत बापटांचे निधन झाले. जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोव्हेंबरातले. त्यांच्या मध्ये २१ नोव्हेंबरचा हुतात्म्यांचा दिवस, आणि जन्मतिथीच्या आदल्या दिवशी युरोपातील युद्धविरामाचा. महाविद्यालयांतून या महिन्यात व्याख्याने होतात. तेथे बोलणाऱ्या प्राध्यापकाने पॅरिसच्या खोलीवर पाच मिनिटे आणि पारनेरच्या रस्त्यावर पंधरा मिनिटे खर्च केली, तर चरित्राचा तोल बराच सावरेल.

पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि मुंबईतही आहे. मुंबईचा सेनापती बापट मार्ग म्हणजे जुना तुळशी पाइप रोड. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून त्याला ते नाव पडले होते आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ते अजून आहे. हा रस्ता माहीम-दादरकडून परळच्या गिरणगावाला लागून जातो. टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून येणारी वीज या गिरण्यांना मिळत असे. मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. त्या वेळी बापट सिंध हैदराबादच्या तुरुंगात होते, आणि दुष्काळाने गाव सोडलेली पारनेरची माणसे मुंबईत कामाला येत होती.